मिटलेली चौकट

ऑफिसात एकाच नावाच्या दोघी होत्या, तेव्हा एकीला मोठी आणि दुसरीला छोटी म्हणायची पद्धत पडली. मोठी पुढे नोकरी सोडून कुठल्या कुठे निघून गेली. छोटी मात्र पस्तिशी उलटली तरी छोटीच राहिली. नव्याने आलेली पोरं तिला 'छोटीताई' म्हणत, आणि त्यात काही गमतीचं आहे हे आता कुणाच्या लक्षातही येत नसे.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत काका बसत. ते कुणाचेच काका नव्हते, पण धंदा त्यांचा होता आणि चहाही त्यांच्याच खर्चाने यायचा, म्हणून काका. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून देणं हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्यातला खरा हात छोटीचा.

"सर्चला फसवायला जाऊ नका," ती नव्या पोरांना सांगायची. "माणसाला पेज आवडलं पाहिजे. माणूस आला, थांबला, वाचलं, बटण दाबलं, की सर्चला आपोआप कळतं. आला तसा पळाला, तर तेही कळतं."

माणसं का पळतात हे शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेज उघडायला वेळ लागतो म्हणून, अक्षर बारीक म्हणून, बटण अंगठ्याच्या टप्प्यात नाही म्हणून. कोण कुठपर्यंत सरकला, कुठे अडखळला, कुठून निघून गेला याचं चित्र तिच्या स्क्रीनवर दिसायचं. ते बघत ती तासन् तास बसे. ज्यांची तोंडं कधी दिसणार नाहीत अशा माणसांचे अंगठे तिला ओळखीचे झाले होते.

थंडी सुरू व्हायच्या जरा आधी गीझरवाले नवरा-बायको ऑफिसात आले. गॅसवर चालणारे गीझर विकायचं त्यांचं दुकान होतं. नवरा बोलका, बसल्या बसल्या निम्मी खुर्ची पुढे सरकवणारा. बायको गप्प. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून छोटीही म्हणायला लागली. दुकानाचा फोन वहिनी घ्यायच्या.

"आमचं एक पेज आहे," गीझरवाला म्हणाला. "गॅस गीझर घरच्या घरी कसा बसवावा. सगळं त्यात आहे, पण कुत्रं फिरकत नाही. थंडी तोंडावर आलीय."

छोटीने पेज उघडलं. ते उघडता उघडता चहा थंड झाला. सगळ्यात वर एक अवाढव्य फोटो आणि त्याच्याखाली लालभडक चौकट: 'बंद बाथरूममध्ये गॅस गीझर बसवू नका. विषारी वायूने जीव जातो. वायूला वास नसतो. आधी हे पूर्ण वाचा.' खाली त्याच लाल रंगात लांबलचक मजकूर. बसवायची कृती सुरू व्हायच्या आधी अंगठा दमून जाईल इतका.

संध्याकाळी तिने ते पेज घरी बाबांपुढे धरलं. बाबा तिचं हक्काचं गिऱ्हाईक. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता, आणि फोन हातात दिला की ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ होत.

"समजा तुम्हाला गीझर बसवायचाय. वाचा."

बाबांनी लाल चौकटीपर्यंत वाचलं आणि फोन परत दिला. "अगं, हे गीझर विकतायत की तेराव्याचं सामान? हे वाचून कोण घेईल?"

छोटी पोट धरधरून हसली. पण तिच्या स्क्रीनवरचं चित्रही तेच सांगत होतं. शंभरातले बहुतेक जण त्या चौकटीपाशी येत आणि तिथूनच मागे फिरत.

मग तिने पेज हातात घेतलं. फोटो हलके केले. पानभर मजकूर आवरून सोप्या पायऱ्या केल्या, प्रत्येकीला स्वच्छ चित्र दिलं, वाक्यं इतकी सुटसुटीत केली की वाचता वाचता हात शिवशिवावेत. लाल चौकट मात्र तिने मिटवून ठेवली. पेजच्या तळाशी करड्या रंगात एकच शब्द, 'सुरक्षितता', आणि त्याच्यापुढे छोटासा बाण. बाणावर बोट ठेवलं की सगळा मजकूर उघडे.

नवं पेज दाखवलं तेव्हा गीझरवाला खूश झाला. वहिनींनी फोन हातात घेऊन बराच वेळ वरखाली केला.

"ती चौकट?"

"आहे की," छोटीने बाण दाखवला. "एक शब्दही काढलेला नाही. फक्त मिटलेली आहे. ज्याला हवी तो उघडेल."

"ती मी लिहिली होती," वहिनी म्हणाल्या. "फोनवर लोक विचारायचे ना, त्यावरून. वर राहिली असती तर बरं झालं असतं."

"वर राहिली तर खालचं कुणी वाचतच नाही, वहिनी. चौकटही नाही वाचत. पळून जातात."

नवऱ्याने मान डोलावली. वहिनी फोन परत देत म्हणाल्या, "तुम्हाला जास्त कळतं." आणि विषय तिथेच संपला.

पेज वर चढायला लागलं. आधी हळूहळू, मग धाडकन. थंडी पडली तेव्हा ते पहिलं होतं. त्यानंतर असं झालं, की सर्चने ते पेज उघडायचीही गरज ठेवली नाही. कुणी 'गॅस गीझर कसा बसवावा' विचारलं, की छोटीच्या पायऱ्या उचलून थेट वरच दाखवल्या जायच्या. फोनला तोंडी विचारलं, तर फोन त्या वाचूनही दाखवायचा. काकांनी सगळ्यांना पेढ्यांचा बॉक्स फिरवला.

छोटीने त्या दिवशी सहज म्हणून एक आकडा काढून बघितला. बाणावर किती जणांनी बोट ठेवलं? जवळजवळ कुणीच नाही. इतक्या हजारो माणसांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. तिने आकडा पुन्हा एकदा तपासला, मग ती खिडकी बंद केली आणि दुसऱ्या कामाला लागली.

त्याच सुमारास वहिनींचा फोन आला. तक्रार नव्हती. नुसतं सांगायचं होतं.

"आता कुणी काही विचारतच नाही हो. आधी फोन यायचे, खिडकी केवढी हवी, पाइप कुठून काढायचा, बाळ घरात आहे तर चालेल का. मी नको म्हणायची कितीदा. आता नुसत्या ऑर्डरी येतात. फोन गप्प झालाय."

"चांगलंच आहे ना, वहिनी. सगळं पेजवरच कळतंय त्यांना."

"हं," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवायला त्यांनी जरा वेळच लावला.

छोटी आणि बाबा राहत त्या इमारतीत सगळ्यांची बाथरूम एकाच डक्टवर, मधल्या उभ्या पोकळीवर, उघडत. वरच्या मजल्यावरची नळाची गळती, खालच्या मजल्यावरचं गाणं, सगळं त्या डक्टमधून घराघरात फिरे. एका सुट्टीच्या सकाळी छोटी तोंड धूत होती आणि डक्टमधून एक सपाट, गोड बाईचा आवाज आला.

"पायरी दुसरी. भिंतीवर पेन्सिलने खुणा करा. घाई नको, माप दोनदा घ्या."

छोटीचा हात नळावरच राहिला. घाई नको, माप दोनदा घ्या. हे वाक्य तिचं होतं. तिने ते दहा वेळा बदलून लिहिलं होतं.

मग ड्रिल सुरू झालं. भिंत थरथरायला लागली.

ती तशीच चपला सरकवून खाली गेली. खालच्या घरात नवे भाडेकरू होते, एक तरुण मुलगा आणि त्याची आई. मुलगा कुठल्याशा गोदामात सुपरवायझर होता. त्याने दार उघडलं तेव्हा केसांत भिंतीची धूळ होती आणि चेहऱ्यावर स्वतःवरच खूश असलेलं हसू.

"आवाज होतोय ना, ताई? झालंच. आईला गरम पाणी लागतं, तर म्हटलं आपणच बसवू. एकदम सोपंय."

"मला बघू दे जरा."

बाथरूम एवढंस्सं, एक माणूस धड वळू शकणार नाही इतकं. डक्टकडे एक झरोका होता, तोही थंडी येऊ नये म्हणून जाड प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केलेला. त्याच्याच शेजारी नवा कोरा गीझर टांगलेला होता.

"हा इथे नाही चालणार," छोटी म्हणाली. "बंद जागेत हा विषारी वायू सोडतो. वास येत नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि..."

"पण मोबाईलवर असं काही नव्हतं."

तिने त्याच्या हातातला फोन घेतला, पेज उघडलं, खाली सरकत सरकत तळाशी गेली आणि बाणावर बोट ठेवलं. लाल चौकट उलगडली. मुलाने वाचली. हसू मावळलं, आणि त्या जागी आली ती भीती नव्हती, राग होता.

"एवढं महत्त्वाचं असतं तर वर लिहिलं असतं ना," तो म्हणाला. "हे असं तळाशी कोण बघतं? हे लिहिणाऱ्यांनी स्वतःची कातडी वाचवायला टाकलेलं असतं, ताई. सगळेच टाकतात."

मुलाची आई मागे दारात उभी होती, शाल गुंडाळून. त्याच म्हणाल्या, "अरे, सांगतायत तर ऐक."

"बरं, बरं. ते प्लॅस्टिक काढतो. पुढच्या रविवारी पाइपही बाहेर काढतो. झालं?"

"रविवारपर्यंत वापरू नका."

"नाही वापरत."

सोमवारी ती काकांपुढे उभी राहिली. चौकट पुन्हा वर घ्यायची, आजच, असं म्हणाली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पेज खाली येईल."

"येऊ दे."

"तुझं ठीक आहे. गीझरवाल्याला काय सांगू? थंडी संपेपर्यंत कळ काढ. मग मी स्वतः बोलतो त्याच्याशी. अगं, आपण काही लपवलंय का? लिहिलेलं आहे. कायद्याने आपण मोकळे आहोत."

छोटी वाद घालू शकली असती. पासवर्ड तिच्याकडेच होता. चहा संपायच्या आत चौकट वर घेता आली असती. पण तिने कळ काढली. काकांनी तिला उभं केलं होतं, आणि पहिला नंबर तिचा होता, हेही खरंच. बाणाचा रंग करड्याचा निळा केला आणि थोडं केल्याचं समाधान करून घेतलं. खाली जाऊन झरोका बघून यावा असं दोनदा मनात आलं. उगाच लोकांच्या घरात नाक खुपसल्यासारखं होईल म्हणून गेली नाही.

रविवार गेला. थंडी वाढली. आणि एका सकाळी बाबा बाथरूममधून ओरडले, "छोटे, खाली कुणाचा तरी नळ चालू राहिलाय बघ. केव्हाचं पाणी पडतंय."

ती धावत आली. डक्टमध्ये कान दिला. पाण्याची एकसारखी धार. तांब्याचा आवाज नाही, बादली सरकल्याचा नाही, माणसाचा नाही. आणि धारेच्या मागे गॅस जळतो तेव्हा येतो तो घुमल्यासारखा आवाज.

जिना तिने कसा उतरला ते तिला पुढेही आठवलं नाही. दार वाजवलं, बेल दाबली, हाका मारल्या. "काकू! ओ काकू!" मुलगा कामावर गेला होता, आई घरात एकटीच. बाबा धापा टाकत पोचले, समोरच्या घरातले दोघं बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, बाजारात गेल्या असतील. "आत आहेत," छोटी किंचाळली, "दार तोडा!" तिचा अवतार बघून कुणी पुढे प्रश्न केला नाही.

बाहेरचं दार तिसऱ्या धडकेला गेलं, बाथरूमची कडी पहिल्याच. वाफेचा लोट बाहेर आला. काकू स्टुलावरून कलंडून भिंतीला टेकल्या होत्या. तोंड लालबुंद दिसत होतं, तरतरीत माणसाचं असावं तसं, आणि तेच भयंकर होतं. झरोक्यावरचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात, दोन बोटं मावतील इतकं, उचकटलेलं होतं. तेवढंच.

छोटीने श्वास रोखून गॅसची कळ बंद केली. समोरच्या बाईंनी शाल आणली, सगळ्यांनी मिळून काकूंना उचलून जिन्यातल्या मोकळ्या खिडकीखाली ठेवलं. श्वास चालू होता, अगदी बारीक. रुग्णवाहिका येईपर्यंत बाबा त्यांचा तळवा घासत राहिले आणि तोंडाने नुसतं "येतायत, येतायत" म्हणत राहिले.

काकू वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. पण त्या आधीच्या काकू राहिल्या नाहीत. शब्द सापडायचे नाहीत. पेल्याला पेला म्हणायला वेळ लागे. छोटी दवाखान्यात भेटायला गेली की त्या दर वेळी तिला नव्याने विचारत, "तू कुणाची गं?" मुलगा पलंगाच्या कडेला बसून असे. तो छोटीला एका शब्दाने बोलला नाही. त्याला माहीतच नव्हतं की पेज तिचं आहे. तो उलट तिचेच उपकार मानत होता, आणि ते ऐकताना तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

एकदा तो म्हणाला, "रविवारी करणारच होतो, ताई. पाव्हणे आले." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा मात्र तिने सांगितलं. पेज मी बनवलं, चौकट मी मिटवली. त्याने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही आता घरी जा."

ती घरी गेली नाही, ऑफिसात गेली. काकांना न विचारता चौकट सगळ्यात वर घेतली, पूर्वीपेक्षा मोठी, आणि चौकट वाचल्याशिवाय पायऱ्या उघडणारच नाहीत असं करून ठेवलं. काकांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "मला आधी कळवायचं तरी," आणि दार लावून घेतलं. महिना संपला तेव्हा तिने नोकरी सोडली. कुणी अडवलं नाही.

पण चौकट वर घेऊन फारसं काही झालं नाही. पेज धडाधड खाली आलं, ते अपेक्षितच होतं. त्याच्या जागी जे वर आलं ते बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या पानावर सगळी तिचीच पेजं होती. नावं वेगळी, रंग वेगळे, दुकानं वेगळी. पायऱ्या तिच्या, चित्रं तिची, वाक्यं तिची. तिचं पेज वर गेलेलं बघून लोकांनी उचललं होतं. चौकट कुणीच उचलली नव्हती. तळाचा बाणसुद्धा नाही.

वहिनींनी तिला दुकानात बोलावून घेतलं. नवरा माल आणायला गेला होता. तो हल्ली वहिनींपुढे कमीच बोलत असे. मागच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध दोघी बसल्या आणि पेज बदलल्यापासून ज्यांनी गीझर नेले त्या प्रत्येकाला फोन लावायला लागल्या. "तुमच्या बाथरूमची खिडकी उघडी आहे का? धूर जायचा पाइप बाहेर काढलाय का?" कुणी खेकसलं, कुणाला वाटलं काही विकायला फोन केलाय. कुणी फोन तसाच धरून बाथरूममध्ये गेलं आणि परत येऊन बदललेल्या आवाजात म्हणालं, "पूर्ण बंद आहे हो. काय करू?" वहिनी सांगत, काय करायचं ते, सावकाश, एकेक.

एक फोन वाजून वाजून बंद होत राहिला. दुपारी पुन्हा लावला, संध्याकाळीही. शेवटी वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं आणि दोघी रिक्षाने त्या पत्त्यावर गेल्या. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते होय? ते गेले की सोडून. त्यांच्या धाकट्या जावेचं असं झालं, मग घरात राहवेना त्यांना."

"असं म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"अंघोळीला गेली आणि पडली आत. हृदय बंद पडलं म्हणाले. एवढीशी पोरगी हो."

दोघी रिक्षात परत बसल्या. दुकानाशी उतरल्यावर कुलूप काढता काढता वहिनी म्हणाल्या, "आपली गिऱ्हाइकं निदान फोन करून गाठता तरी येतात. ज्यांनी नुसतं वाचलं आणि गीझर दुसरीकडून घेतला, ते?"

छोटीकडे त्यांचे अंगठे होते. कुठल्या वेळी आले, कुठल्या पायरीवर किती रेंगाळले, कुठे थांबले. एकाचंही नाव नव्हतं.

मग तिने पेजं उचलणाऱ्या सगळ्या दुकानांना लिहायला सुरुवात केली. हात जोडून, धमकावून, काकूंचं काय झालं ते सगळं सांगून. चौकट घाला. आमचा मजकूर फुकट घ्या, पण चौकट घाला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं. ती ते वहिनींना दाखवायला घेऊन आली.

फार आदबीने लिहिलं होतं. 'तुमची सूचना मिळाली, आभारी आहोत. मूळ पेज तुम्ही बनवलंत हे वाचून आनंद झाला. आमचं पेज सध्या दुसऱ्या नंबरवर आहे. ते पहिलं करून द्याल का?'

वहिनींनी दोनदा वाचलं. "काय लाज नाही लोकांना. काय करणार आहेस?"

"हो म्हणणार आहे."

"काय?"

"आत शिरल्याशिवाय चौकट घालणार कशी, वहिनी?"

बाहेर अंधारून आलं होतं आणि हवेत बोचरा गारठा होता. यंदा थंडी लांबणार असं सगळे म्हणत होते.

"आणि घातलीस," वहिनी म्हणाल्या, "नि पेज पहिलं झालं, मग ते तुला म्हणाले की आता ही जरा मिटून ठेवा. मग?"

छोटीने फोन गुडघ्यावर ठेवला आणि त्या दुकानाला उत्तर लिहायला घेतलं.